मेढीवरचे कोयते

आमच्या घरी आधी भाता जागा व्हायचा, मग माणसं. बा भट्टीतली राख सारून कालचा एखादा जिवंत निखारा शोधायचा, त्यावर कोळसा रचायचा आणि भात्याची दोरी ओढायला लागायचा. पहिले उसासे कोरडे निघायचे. कोळशाने पेट घेतला की आवाज भरीव व्हायचा आणि त्या आवाजावर आय उठून चूल पेटवायची. तेवढ्यात रस्त्यावरून एखादा ट्रक कण्हत वर चढायचा. पोलादपूर सोडून कशेडी घाटाकडे निघालं की लगेच आमचं घर, रस्त्याला तोंड करून, आणि पडवीला लागूनच लोहारसाळ. चढणाऱ्या गाडीचं इंजिन ऐकून ती भरलेली आहे की रिकामी, हे मी अंथरुणातूनच सांगायची. बा म्हणायचा, "हिचे कान घाटात टांगलेत." माझ्या कानांचं हे कौतुक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

न्याहारीला बहुधा घावन असायचे, बिडाच्या तव्यावरचे, कडेला जाळी पडलेले, आणि सोबत गुळाचा चहा. आयच्या हाताचे घावन मऊ असत आणि हात मात्र दगडासारखे, कारण आमच्या साळीत घण तीच घालायची. लोहाराच्या घरात बाईने घण घालायचा ही रीतच होती. बा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, लहान हातोडीने जागा दाखवायचा आणि नेमका तिथेच आयचा घण पडायचा. मी जरा अंगाने भरले तसा दुसरा घण माझ्या हातात आला आणि आमचा ताल तिघांचा झाला, टिक, धाड, धाड. मुंबईहून आलेली एखादी पाहुणी म्हणायची, अगो बाई, पोरीच्या हातात घण? आय म्हणायची, "मंग काय, पंखा देऊ?" मला ते फार आवडायचं. मला स्वतःचा अभिमान वाटायला तेव्हाही वेळ लागत नसे आणि आताही लागत नाही, म्हणून या प्रकरणात फुशारकी दिसली तर ती फुशारकीच आहे असं समजा.

आमचा सगळा संसार ट्रकच्या मोडक्या पाट्यांवर उभा होता. ट्रकच्या चाकापाशी लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून कमान केलेली असते, तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. भरलेली गाडी घाटातल्या खड्ड्यात आदळली की एखादा पाटा तुटायचा, ड्रायव्हर शिव्या घालत पोलादपूरच्या गॅरेजात जायचा आणि तुटका पाटा तिथून आमच्याकडे यायचा. मुंबईला कामाला गेलेली गावची पोरंही गणपतीला येताना पाट्याचा तुकडा टॉवेलात गुंडाळून आणायची. आईला साडी, भावंडांना खाऊ आणि बापाला पाटा. बाप साडीकडे ढुंकून बघत नसे. तो पाटा काखेत मारून तडक आमच्या साळीत यायचा आणि कोयता तयार होईपर्यंत विड्या ओढत तिथेच बसायचा.

आजकाल रायगड चढून, पाचाडात जेवून शहरातली मुलं माझ्याकडे येतात. फोनवर बघून पोलादांची नावं पाठ केलेली असतात, इंग्रजी अक्षरं, आकडे, जपानी नावं. "आजी, तुम्ही अजून पाट्याचंच का बनवता? आणि लोक अजून तेच का घेतात?" असं विचारतात. मुलं गोड असतात. मी त्यांना चहा देते आणि सांगते, की बाबांनो, मी सगळं करून बघितलंय. जुन्या कानशीचा सुरा केला तर धार अशी लागते की दाढी करावी, पण वाळक्या बांबूच्या पेरावर बसला की दात पडलाच. न गंजणारं चकचकीत स्टील दिसतं नवरदेवासारखं, पण एकदा बोथट झालं की घरच्या दगडावर घासून घासून माणूस म्हातारा होतो. पाटा गंजतो, काळा पडतो, पण सावित्रीच्या पात्रातला कुठलाही दगड घ्या, चार हात मारा, धार परत आली. लाकडात अडकला तर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, कारण गाडीखाली जन्मभर त्याने तेच केलेलं असतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो सांभाळून घेतो. लोहाराच्या हातून जरा जास्त तापला किंवा कमी तापला, तोडणाऱ्याने वेडावाकडा घाव घातला, तरी रुसत नाही. करणाऱ्याला त्याची सवय आणि घेणाऱ्यालाही. मी इतकी वर्षं याच्याहून चांगलं कारण शोधतेय, मला सापडलेलं नाही.

फक्त एकाच वर्षी तो रुसला, आणि त्या वर्षी आमची साळ बंद व्हायची वेळ आली होती.

साळीच्या पुढच्या मेढीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाला, एक जाड खिळा ठोकलेला होता. आमच्याकडचा कोयता कुणाचा मोडला तर त्याने तो आणून त्या खिळ्याला टांगायचा. भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, नुसतं टांगायचं. येणारा जाणारा बघायचा. बाने बदली कोयता करून द्यायचा, तो मनासारखा चालला तर टांगणाऱ्यानेच परत येऊन मोडका उतरवायचा. लोहाराने त्याला हात लावायचा नाही. आजोबांच्याही आधीपासून हे चालत आलेलं होतं. माझ्या लहानपणी तो खिळा बहुतेक रिकामाच असायचा. एकदा एकाने कोयत्याने दगड फोडायला जाऊन पातं मोडलं आणि टांगलं, तर गावच त्याला हसलं होतं.

त्या वर्षी कवळ तोडायचे दिवस होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर झाडांच्या फांद्या तोडून वाळवाव्या लागतात, तो कवळ. चहूकडच्या डोंगरांवरून कोयत्यांचे आवाज येत होते, आणि एका सकाळी माथ्यावरच्या धनगरवाडीतले झोरेबाबा खाली उतरून आले. गुरांमागे फिरून वाळलेला उंच म्हातारा, डोक्याला मुंडासं, कमरेला मागच्या बाजूला कोयता अडकवायची लाकडी आकडी, आणि त्या आकडीत अर्धाच कोयता. तुटलेला तुकडा त्यांनी सुतळीने मुठीला बांधला होता. त्यांनी तो खिळ्याला टांगला, आयने दिलेला चहा प्याले आणि निघून गेले. झोरेबाबा म्हणजे माथ्यावरच्या सगळ्या वाड्यांचा शब्द. ते ज्याचा कोयता घेत, त्याचाच सगळे घेत.

मग खालच्या वाडीतून एक आला. मग घाटाकडून आणखी एक. बाने जीव ओतून बदली कोयते केले, त्यातलेही दोन परत आले. बघता बघता खिळ्यावर मोडक्या कोयत्यांचा घोसच झाला. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून किणकिणायचे, आणि तो आवाज झाकायला बा भात्याची दोरी जोरजोरात ओढायचा. महाडच्या बाजारात तेव्हा कारखान्यातले चकचकीत कोयते दिसायला लागले होते. लोक आमच्या दारावरून जाऊन ते घेऊन यायचे आणि येताना पिशवी दुसऱ्या हातात धरायचे, आम्हाला दिसू नये म्हणून. मला त्या पिशव्यांचा इतका राग यायचा की अजूनही येतो.

बा वाईट कारागीर नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. त्याच्या हातचे जुने कोयते आजही दोन घरांत झिजून विळ्याएवढे झालेत आणि कापतात. पण त्या दिवसांत त्याचं त्यालाच खरं वाटेनासं झालं. पाणी देताना, म्हणजे तापलेल्या पात्याची धार दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवून कडक करताना, तो पातं डोणीपर्यंत नेऊन पुन्हा भट्टीत सरकवायला लागला. लोक म्हणायला लागले, लोहाराची नजर गेली. एका दुपारी सुकटीचं कालवण आणि नाचणीची भाकरी पुढे ठेवली होती, बाने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"तुझ्या भावाला निरोप धाड," तो आयला म्हणाला. "शिमगा झाला की वसाहतीत जातो कामाला. साळ बंद."

माझा मामा महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्याच्या कपड्यांना येणारा वास आमच्या घरात कुणालाच आवडत नसे, पण नोकरी पक्की होती आणि त्याने बाला लावून द्यायचं कधीच कबूल केलं होतं.

"शिमग्याआधी का नाय जात मंग?" आय म्हणाली. ती चिडली की असं उलटं बोलायची.

"जाऊन काय व्हनार? पालखी तर दारात येनारच. द्येव दारात आन दारात ह्ये." बाने मेढीकडे हात केला. "त्येला काय तोंड दावू?"

शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर येते, अंगणात नाचते, गुरव प्रत्येक घरासाठी गाऱ्हाणं घालतो. सगळं गाव पालखीमागे असतं. त्या सगळ्या गावासमोर आमच्या मेढीवर तो घोस किणकिणणार होता, आणि त्यानंतर भाता कायमचा थांबणार होता. मला जेवण गेलं नाही. मी साळीत जाऊन ऐरणीवर बसले. तीही एरवी मोठी चूक, ऐरणीवर बसायचं नसतं, पण त्या दिवशी मला कुणी ओरडलं नाही, यावरूनच घरात काय चाललं होतं ते कळावं.

आय मागून आली. खांदा चोळत होती. म्हणाली, "तुला सांगू काय गो शेवंते, ह्यो पाटाच मला येगळा लागतो. जुना पाटा घन पडला की दबायचा. ह्यो घनाला उलटा ढकलतो. रोज खांदा भरून येतो माझा."

मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण माझंही तेच चाललं होतं, फक्त कानाचं. गार पाटा ऐरणीवर टाकला की जुना लांब वाजायचा, देवळातली घंटा वाजवून झाल्यावरही घुमत राहते तसा. नवा वाजायचा उंच आणि तोकडा. मी ते कितीतरी दिवस ऐकत होते, पण घण घालणाऱ्यांनी लोखंडाबद्दल बोलायचं असतं हेच आम्हा दोघींना कधी सुचलं नव्हतं. वसाहतीत तेव्हा नवे कारखाने उठत होते, त्यांचा माल वाहायला नव्या बनावटीच्या गाड्या घाटात आल्या होत्या, आणि गॅरेजमागच्या ढिगात आता त्यांचेच पाटे पडत होते. दिसायला हुबेहूब जुन्यासारखे.

मी एक खडा उचलला आणि मेढीपाशी गेले. मोडक्या कोयत्यांना हात लावायला रीत लोहाराला मना करते. लोहाराच्या पोरीबद्दल रीत काहीच म्हणत नाही. मी एकेक कोयता खड्याने वाजवला. सगळे उंच, सगळे तोकडे. मग मी ते जवळून बघितले. जिथे पातं तुटलं होतं, तिथे तुटलेल्या तोंडाचा बहुतेक भाग ताजा, राखाडी दाणेदार होता, पण धारेकडून आत एक काळी रेघ गेली होती. प्रत्येकात होती. काळं पडायला वेळ लागतो. म्हणजे तडा तोडताना पडला नव्हता. कोयता आमच्या साळीतून निघाला तेव्हाच तडा घेऊन निघाला होता. बाच्या नजरेचा त्यात काही दोष नव्हता. पाणी देताना, डोणीतच, हे लोखंड तडकत होतं.

का तडकत होतं ते मला दुसऱ्या दिवशी चुलीपाशी कळलं. मी घावन घालत होते, तवा फार तापला म्हणून पाण्याचा तांब्या उचलला, तेवढ्यात आय मागून कडाडली, "पानी नको वतू गो! बिडाचा तवा हाय, तडकंल! त्येल फिरव!" तिने माझ्या हातातून तांब्या हिसकावला आणि अर्ध्या कांद्याने तव्यावर तेल फिरवलं. मी तशीच उभी. घावन जळायला लागला. आय माझ्याकडे बघते, मी तव्याकडे बघते, आणि मग आय पण तव्याकडे बघायला लागली. तिने हळूच तांब्या खाली ठेवला. आम्हा दोघींच्या डोक्यात ते एकदमच आलं, यावर आय मरेपर्यंत ठाम होती, आणि मीही ते नाकारणार नाही.

बा ऐकेना. "आज्यापास्नं पानी देत आलो. धार त्येलात बुडवली तर लोक हसतील."

"आता काय रडतायत?" आय म्हणाली. "हसतातच हायत की."

"आन पानी देनं माझं काम. घन तुमचा, पानी माझं. कुनी बाईनं दिलंय कदी?"

मी म्हटलं, "तू नको देऊस बा. तुझ्या हाताला पान्याची सवय हाय. मी देते. त्येल काय पानी नाय, त्येला रीत नाय." माझ्या या युक्तिवादावर मी आजही खूश आहे. बाने एक पाटा भट्टीत सरकवला.

घरात करंजेल होतं, करंजाच्या बियांचं तेल, दिव्यात घालायला आणि गुरांच्या जखमांना लावायला. पहिल्यांदा मी ते एका लहान टोपात घेतलं, लालबुंद पातं आत घातलं आणि भपकन ज्वाळ उठली. माझ्या भुवया गेल्या. आयने परात उचलून टोपावर पालथी घातली तेव्हा आग विझली, साळ धुराने भरली, आणि त्या धुरातून एक आवाज आला जो मी शिमग्याच्या आधी पुन्हा ऐकेन असं वाटलं नव्हतं. बा हसत होता. डोळे पुसत, खोकत, माझ्या भुवयांकडे बोट दाखवून हसत होता. मग तो स्वतः उठला आणि शेजाऱ्यांकडून मागून करंजेल घेऊन आला. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही. "बैलाला लागलंय" म्हणाला. आमच्याकडे बैल नव्हता.

दुसऱ्या वेळी हंडा भरून तेल होतं. बाने पातं तापवलं आणि रंग बघून म्हणाला, "आता." मी सांडशी धरली आणि धार तेलात सोडली. डोणीतलं पाणी किंचाळायचं. तेलाने नुसता एक घोट गिळल्यासारखा आवाज केला. मी श्वास धरून ऐकत होते. तडा जाताना लोखंड बारीक टिचतं, नखावर नख आपटल्याएवढा आवाज होतो, पाण्याच्या किंचाळीत तो कधी ऐकूच आला नव्हता. आता सगळं शांत होतं आणि तो आवाज आला नाही. मग बाने पातं घासून पांढरं केलं आणि ते ठिसूळ राहू नये म्हणून निखाऱ्यांवर धरून जरा परत तापवलं. गव्हाळ रंग चढला, मग धारेमागे वांग्याच्या सालीचा जांभळा उतरला. गार झाल्यावर त्याने ते ऐरणीच्या भोकात अडकवून सगळा भार टाकून वाकवलं. वाकलं. सोडलं तसं सरळ झालं. त्याने पुन्हा वाकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मूठ बसवा ह्येला."

होळीच्या आदल्या दिवशी झोरेबाबा लोण्याचा डबा घेऊन बाजाराला उतरले, तेव्हा बा रस्त्यात आडवा गेला आणि त्यांना साळीत घेऊन आला. नवा कोयता पुढे केला. झोरेबाबांनी तो घेतला, पेलला, मेढीवरच्या आपल्या मोडक्या कोयत्याकडे एक नजर टाकली आणि आमच्या अंगणात लाकूड फोडायला ठेवलेला खैराचा ओंडका पायाने उलटा केला. वाळक्या खैराची ती गाठ होती, कुऱ्हाडीलाही दाद न देणारी. तेवढ्यात होळीचं झाड आणायला निघालेली गावची माणसं रस्त्याने बोंबा मारत आली आणि अंगणात झोरेबाबांना बघून थांबली. झालं, सगळं गाव गोळा झालं. पिशव्या दुसऱ्या हातात धरणारेही त्यात होते, मी सगळ्यांची तोंडं बघून ठेवली.

झोरेबाबांनी घाव घातला. कोयता गाठीत खोल रुतला आणि अडकला. इथेच कोयते मोडतात, बसताना मोडत नाहीत, काढताना मोडतात. त्यांनी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा, आडवा पीळ दिला. पातं वाकलं. कुणीतरी "गेला" म्हणालं. आयने माझं मनगट धरलं होतं, तिच्या बोटांचे वळ मला नंतर दिसले. झोरेबाबांनी आणखी पीळ दिला, गाठीची एक चिरफळी उडाली, कोयता सुटला आणि हवेत थरथरत सरळ झाला. त्यांनी धारेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे अडलं नाही. मग त्यांनी मनगटावरचे केस तासून बघितले आणि फुंकून उडवले.

"पानी कुनी दिलं?" त्यांनी विचारलं.

बा म्हणाला, "शेवंतीनं. माझ्या पोरीनं."

गर्दीत जरा हालचाल झाली. झोरेबाबांनी माझ्या भुवया नसलेल्या तोंडाकडे बघितलं. "कशाचं?"

मला वाटलं आता बा काहीतरी सारवासारव करणार. पण तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा म्हणाला, "त्येलाचं. करंजेलाचं."

दोघे चौघे हसले. झोरेबाबा हसले नाहीत. "आमी गुरांच्या जखमंला लावतो त्ये?"

"व्हय. त्येच."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "त्यानं बरंच व्हतं." आणि त्यांनी मेढीपाशी जाऊन आपला मोडका कोयता खिळ्यावरून उतरवला. नवा आकडीत अडकवला, मोडका बाच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्येची म्हातारीला इळी कर. त्येलातलीच." मला त्या क्षणी असा आनंद झाला की मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण होळीच्या झाडाला निघालेली पोरंही माझ्याबरोबर ओरडली आणि ती पुढे गेल्यावरही बराच वेळ त्यांच्या बोंबांत माझं नाव होतं.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही तिघांनी जेवायलाही बूड टेकलं नाही. बा घडवायचा, आय आणि मी घण घालायचो, आणि पाणी, आम्ही अजूनही त्याला पाणीच म्हणतो, मी द्यायची. एकेक जण येऊन नवा कोयता घेऊन जायचा, दुसऱ्या दिवशी येऊन आपला मोडका उतरवायचा. घोस हलका होत गेला, किणकिण कमी होत गेली. शेवटचा कोयता घाटाकडच्या माणसाचा होता. खालच्या वाडीत पालखीचे ढोल वाजायला लागले तरी त्याचा पत्ता नाही. बा मेढीकडे बघत दारात उभा. हात लावायची सोय नव्हती, आणि मीही या वेळी रीतीत फट शोधली नाही. ढोल आमच्या वळणावर आले तेव्हा तो माणूस पळत आला, धोतर वर खोचलेलं, पालखीच्या पुढून वाट काढत. "तोडत हुतो, ध्यानातच नाय राह्यलं!" असं म्हणत त्याने कोयता उतरवला आणि धापा टाकत अंगणातच बसला. त्याच्या पाठोपाठ पालखी आत आली.

पालखी नाचली. बाने खांदा दिला आणि इतका नाचला की मुंडासं सुटलं. आयने ओटी भरली. मग पालखी टेकवली आणि गुरवाने गाऱ्हाण्यासाठी हात जोडून बाला विचारलं, "बोल लोहारा, तुजं काय मागनं?" दर वर्षी बाचं मागणं ठरलेलं असायचं, कुणाचा कोयता मोडू नको देऊस. त्या वर्षी त्याने मान हलवली. सगळ्या गावासमोर, रिकाम्या मेढीला टेकून, तो म्हणाला, "औंदापास्नं मागनं तिचं घाला. साळीत पानी ती देते." आणि शिमग्याला आलेल्या मामाकडे वळून म्हणाला, "तुमच्या सायबाला सांगा, मला येळ नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. घण घालताना तोंड उघडायची सवय नव्हती आणि देवापुढे तर नव्हतीच. पण बोलले. म्हणाले, "नव्या गाड्या येउंदेत घाटात. कसल्याबी येउंदेत." गुरव जरा गडबडला, असलं मागणं त्याने कधी घातलं नव्हतं, पण त्याने ते देवाला जसंच्या तसं सांगितलं आणि गावाने "होय महाराजा" म्हणून हाक दिली.

देवाने ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. आता दारावरून चौपदरी रस्ता जातो, घाटाला बोगदा झालाय, आणि अशा अशा गाड्या येतात की त्यांची नावं माझ्या नातीलाही माहीत नाहीत. त्यांचे पाटे दर काही वर्षांनी बदलतात. नवा आला की माझा मुलगा तो आधी माझ्यापुढे ऐरणीवर टाकतो, मी डोळे मिटून ऐकते आणि त्याला तेल किती तापवायचं ते सांगते. रस्ता रुंद झाला तेव्हा साळ मागे सरकवावी लागली. भिंती नव्या, छप्पर नवं, पण मेढ तीच उचलून आणली, खिळ्यासकट. रायगड बघून आलेली ती मुलं कधी कधी विचारतात, आजी, हा खिळा रिकामा का ठेवलाय, इथे काहीतरी छान टांगा ना. मी म्हणते, तो रिकामा ठेवायला माझा सगळा जन्म गेलाय, आणि त्यांना आणखी चहा देते.